येरळेत होड्या कुठून आल्या?

पत्र

मी सांगली जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत नववी-दहावीला मराठी शिकवते. तालुक्याच्या गावातल्या एका वाचनालयानं शाळांसाठी निबंध स्पर्धा ठेवली होती. विषय होता 'माझ्या गावची नदी'. मुलांनी घरून लिहून आणायचं आणि शाळेनं गठ्ठा पाठवायचा, असं ठरलं होतं. माझ्या वर्गातल्या एका मुलीला दुसरा क्रमांक मिळाला. एक हजार रुपये, प्रमाणपत्र, परिपाठाला सत्कार, शाळेच्या ग्रुपवर फोटो, सगळं झालं. गठ्ठा पाठवायच्या घाईत मी निबंध नुसते मोजले होते. सत्कारानंतर तिचा निबंध शांतपणे वाचला आणि चाटच पडले. आमची नदी येरळा, वर्षातले निम्मे महिने कोरडी. निबंधात मात्र 'पहाटेच्या धुक्यात नावाडी आपल्या होड्या लोटतात' आणि 'घाटाच्या पायऱ्यांवर दिवे तरंगू लागतात'. दोन परिच्छेद इंटरनेटवर शब्दशः सापडले. बाकीचा मजकूर मोबाइलवरच्या एआयकडून घेतला असावा असा संशय आहे.

मुलगी हुशार आहे, अबोल आहे. मुख्याध्यापक म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. वाचनालयाला कळलेलं नाही, आपण कशाला सांगायचं?" तिचे वडील पालक-शिक्षक संघात आहेत. स्टाफरूममध्ये म्हणतात, प्रकल्पवह्या तर सगळ्यांच्याच एकसारख्या असतात आणि आपण २० पैकी १८-१९ देतोच, मग हिच्याच मागे का लागायचं? मी गप्प बसू का? आणि यापुढे वर्गात हे होऊ नये म्हणून काय करू?

एक शिक्षिका, सांगली जिल्हा

उत्तर

प्रिय बाई,

गप्प बसू नका. बक्षीस परत गेलं पाहिजे, आणि बाहेरून कुणी बोट दाखवायच्या आत शाळेनं आपणहून परत केलं पाहिजे. मुख्याध्यापक, वडील, स्टाफरूम यांच्याकडे मी येतेच. पण या सगळ्या चर्चेत एक मूल कुणाच्याच ध्यानात आलेलं दिसत नाही. तिसरा क्रमांक कुणाचा होता? आणि चौथा कोण, ज्याच्या हाती काहीच पडलं नाही? एखाद्या वाडीवरच्या पोरानं 'आम्ही नदीत क्रिकेट खेळतो, पाणी आलं की मॅच बंद' असं खरं खरं लिहिलं असेल आणि परीक्षकांनी 'वर्णन कमी पडते' म्हणून ते बाजूला सारलं असेल. परीक्षकांनाही मोकळं सोडायला नको खरं तर. येरळेत होडी घालायची तर आधी ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून न्यावी लागेल, एवढं तालुक्यातल्या माणसाला कळू नये?

आता मुलगी. तिच्याशी बोलण्याआधी तिच्या पाचवीपासूनच्या निबंधाच्या वह्या चाळता आल्या तर चाळा. बहुधा रद्दीत गेल्या असतील, पण त्यांत काय असणार ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. 'माझी शाळा', 'सूर्य उगवला नाही तर', 'फाटक्या पुस्तकाचे मनोगत'. बाईंनी निबंध फळ्यावर लिहून दिला, साठ मुलांनी तो वहीत उतरवला, साठ वह्यांवर तीच तांबडी खूण झाली. कुणी मध्येच आपलं एखादं वाक्य घातलं तर त्याच्याखाली रेघ. परीक्षेत तोच निबंध आला की ज्यानं जसाच्या तसा लिहिला त्याला सगळ्यात जास्त गुण. 'पावसाळ्यातील एक दिवस' या निबंधात तर दुष्काळी पट्ट्यातल्या शाळेची मुलंसुद्धा तुडुंब भरलेल्या ओहोळात कागदी नावा सोडत आलेली आहेत. तेव्हा होड्या या मुलीच्या निबंधात आज आलेल्या नाहीत. पाचवीपासून आहेत. कुणी हरकत घेतली नाही.

इतक्या वर्षांत ती काय शिकली? चांगलं मराठी दुसऱ्याचं असतं, आपण ते सुवाच्य अक्षरात उतरवायचं. आणि आपली नदी, जिच्यात बाभळी आणि वाळूचे खड्डे आहेत, ती निबंधात घालण्याच्या लायकीची नसते. नववीत तिनं तेच केलं, फक्त फळ्याच्या जागी मोबाइल आला. मी तिला निर्दोष ठरवत नाही. स्पर्धेच्या निबंधावर आपलं नाव घालताना हे आपलं नाही एवढं चौदा वर्षांच्या मुलीला कळतं, आणि सत्काराच्या वेळी तर नक्कीच कळलं असेल. पण तिला आजवर जे शाबासकी देऊन शिकवलं, त्याचीच शिक्षा अचानक एकट्या तिला द्यायची, हे बरं नव्हे. तुम्ही तिच्याशी कुठल्या सुरात बोलाल ते यावरून ठरेल, म्हणून एवढं लांबण लावलं.

स्टाफरूमवाल्यांनी तुम्हाला गप्प करायला जे वाक्य वापरलं, त्यात त्यांनी नकळत स्वतःवरच बोट ठेवलंय. प्रकल्पवह्या सगळ्यांच्या सारख्या असतात आणि गुणही सारखे पडतात, हे खरंच आहे, आणि ते फक्त तुमच्या शाळेत नाही. दहावीचा राज्याचा निकाल २०१८ ला ८९.४१ टक्के होता. २०१९ ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढून टाकले, आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत आले आणि २०२० चा निकाल लागला ९५.३० टक्के. २०१९ ला अभ्यासक्रमही नवा होता, २०२० ला करोनामुळे भूगोलाचा पेपरच झाला नाही, हे सगळं जमेस धरलं तरी ते २० गुण कसे वाटले जातात हे सांगायला वेगळा ज्योतिषी नको. स्टेशनरीच्या दुकानातून माहितीचे छापील कागद आणायचे, कापून चिकटवायचे, वर थर्माकोलची अक्षरं लावायची, शेवटी 'निष्कर्ष' म्हणून तीन ओळी मागच्या वर्षीच्या वहीतून घ्यायच्या. पुष्कळ घरी हे सगळं आईच करते आणि पोर शेजारी बसून टीव्ही बघतं.

"मग हिच्याच मागे का?" याला उत्तर असं, की हिच्या मागे लागायचंच नाही. बक्षीस परत करायचं, आणि प्रकल्पवह्यांचं काय करायचं ते त्याच महिन्यात शिक्षकांच्या बैठकीत मांडायचं. एक केलं आणि दुसरं नाही, तर सहकाऱ्यांचा टोमणा खरा ठरेल.

मुलीशी बोलणं हा यातला सगळ्यात नाजूक भाग. स्टाफरूममध्ये बोलावू नका. मधल्या सुट्टीत रिकाम्या वर्गात बसा, दार उघडं ठेवा. तिचा निबंध तिच्या हातात द्या आणि एकदा वाचायला सांगा. मग एवढंच विचारा: "ह्या होड्या तू कुठं पाहिल्यास?" आणि थांबा. तुम्ही मराठीच्या शिक्षिका, शांतता भरून काढायची खोड आपल्या सगळ्यांनाच असते, पण इथं तोंड उघडू नका. "खरं सांग, कुठून घेतलंस?" या सुरात विचारलंत तर ती खोटं बोलेल, आणि मग निबंध बाजूला राहून त्या खोट्याचीच चौकशी सुरू होईल. 'चोरी' हा शब्द तुमच्या तोंडून पहिल्यांदा जाऊ देऊ नका. ती रडली तर रडू द्या, पाणी द्या, पण रडली म्हणून विषय मिटवू नका.

दोन गोष्टी बोलताना वेगळ्या ठेवा. जे दोन परिच्छेद तुम्हाला शब्दशः सापडले, त्यांचा पुरावा तुमच्याकडे आहे. उरलेल्याबद्दल फक्त संशय आहे. तो संशय एखाद्या 'एआय ओळखणाऱ्या' वेबसाइटवर निबंध टाकून पक्का करून घ्यायचा मोह होईल, तो आवरा. ज्या कंपनीनं चॅटजीपीटी बनवलं त्या ओपनएआयनंच असा ओळखणारा प्रोग्राम जानेवारी २०२३ मध्ये काढला आणि अचूक चालत नाही म्हणून त्याच वर्षीच्या जुलैत बंद केला. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्येच असे प्रोग्राम तपासले, तेव्हा इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेले निम्म्याहून जास्त निबंध यंत्रानं लिहिलेले ठरले. इंग्रजीत ही गत, तर सांगलीच्या मुलीच्या मराठीबद्दल ते काय छातीठोकपणे सांगणार? त्या टक्केवारीचा कागद पुढे करून मुलीला आरोपी करू नका. 'नदी ही केवळ जलस्रोत नसून संस्कृतीची जीवनवाहिनी आहे' असलं वाक्य बघून आपल्याला वास येतो हे खरं, पण असली वाक्यं आपल्या गाईडांतही ढिगानं आहेत. होड्यांचा एक प्रश्न पुरे आहे.

तिनं कबूल केलं, की पुढचं पाऊल तिच्यासोबतच ठरवा. बक्षीस परत करायचं आहे हे सरळ सांगा, ते ठरलेलं आहे, त्यावर घासाघीस नाही. पण पत्र ती स्वतः लिहील का, आईला तुम्ही सांगायचं की ती सांगेल, एवढं तिला ठरवू द्या. परिपाठाला जाहीर माफी वगैरे बिलकूल नको. सत्कार परिपाठाला झाला म्हणून फजितीही तिथंच व्हावी असं म्हणणारे सापडतील. त्यांचं ऐकू नका. वर्गात कुणी विचारलंच तर "निबंधात चूक होती, म्हणून आपण परत केलं" एवढं तुम्ही सांगा, तिला सांगायला लावू नका.

मुख्याध्यापक सरांना तत्त्वज्ञान सांगून उपयोग नाही. त्यांना व्यवहार सांगा. वाचनालयं बक्षीसपात्र निबंध कधी स्मरणिकेत छापतात, कधी फेसबुकवर टाकतात. तो निबंध उद्या येरळाकाठच्याच लोकांनी वाचला, की पहिला प्रश्न होड्यांचाच निघेल आणि त्याच्याखाली शाळेचं नाव असेल. सव्वा लाखाची मूठ अशा वेळी फार दिवस झाकलेली राहत नाही. आज पत्र गेलं तर 'शाळेनं स्वतः कळवलं' म्हणतील, सहा महिन्यांनी उघडकीला आलं तर 'शाळेला माहीत होतं' म्हणतील. सर नाहीच म्हणाले, तर तुमचं म्हणणं दोन ओळींत लिहून त्यांच्याकडे द्या आणि पोच घ्या. त्यांच्या डोक्यावरून थेट वाचनालयाला फोन मात्र करू नका. नोकरी तुमची आहे, आणि अशा भांडणात शेवटी मुलगीच सापडते.

वडिलांना एकट्यांना बोलावू नका, आईलाही बोलवा. संघाचे सदस्य म्हणून आले तर ते प्रतिष्ठेसाठी भांडतील, बाप म्हणून आले तर ऐकतील. त्यांची मुलगी पुढे खूप शिकणार हे त्यांना आवडतं, तिथूनच धरा. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम सांगा. प्रबंधात दुसऱ्याच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावा लागतो, ४० ते ६० ला वर्षभर प्रबंधच देता येत नाही, आणि ६० च्या वर गेलं की नोंदणी रद्द. शाळेला हे नियम लागू नाहीत. नववीत हजार रुपये परत करून सुटका होते, हे त्यांना त्यावरून आपोआप कळेल.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, पुढे काय करायचं. परीक्षेतली कॉपी रोखायचे मार्ग आपल्याकडे जुने आहेत. १९८२ चा राज्याचा कायदा आहे, भरारी पथकं आहेत, नांदेडला २०१० च्या सुमारास जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्तीची मोहीम चालवली तिचं नाव राज्यभर झालं. वर्गखोलीच्या दारावर माणूस उभा करता येतो, म्हणून ते जमतं. घरून आणलेल्या निबंधावर पहारा कुणाचा बसवणार? तिथं विषयच असा द्यावा लागतो, की उतरवायला कुठं काही सापडू नये.

'माझ्या गावची नदी' हा विषय वाईट नव्हता, पण त्याला अटी नव्हत्या. हाच विषय पुन्हा द्या. या वेळी अटी घाला: नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याचं गावातलं नाव हवं. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून एक आठवण हवी, त्यांच्याच बोलीत. आणि शाळा सुटल्यावर पुलावर उभं राहून खाली काय दिसलं ते पाच ओळींत हवं. पुलाखाली प्लॅस्टिक दिसलं तर प्लॅस्टिक लिहायचं. कुणाची आजी सांगेल की उन्हाळ्यात पात्रात झिरा खणून वाटीवाटीनं पाणी भरत होतो. कुणाच्या आजोबांना बळीराजा धरण आठवेल. १९८०च्या दशकात खानापूर तालुक्यातल्या बलवडी-तांदूळवाडीच्या लोकांनी याच येरळेवर, याच नदीची वाळू विकून त्या पैशातून आणि श्रमदानातून स्वतः धरण बांधलं. तुमच्या वर्गातल्या कितीजणांना ते माहीत आहे? कोरड्या नदीवर लिहिण्यासारखं किती आहे बघा. नावाडी आणि दिवे कुठल्या कुठे फिके पडतात.

माहिती आणायला आठवडा द्या. लिहून मात्र वर्गातच घ्या, जोड तासिकेत. आणलेले कागद, टिपणं समोर ठेवायला हरकत नाही. कच्चा लेख आणि पक्का लेख एकत्र टाचून घ्या आणि गुण देताना कच्चा आधी बघा. त्यात खाडाखोड नसेल तर विचारा. साठ मुलांना तोंडी विचारणं तुम्हाला जमणार नाही, कुणालाच जमत नाही, म्हणून चिठ्ठ्या टाकून पाचच जणांना विचारा: हे वाक्य का लिहिलंस, आजी नेमकं काय म्हणाली. आपला नंबर लागू शकतो एवढ्यानंही पुष्कळ काम होतं.

आणखी एक सवय लावा. प्रत्येक निबंधाच्या, प्रकल्पाच्या शेवटी दोन ओळी, 'मी कुणाकडून काय घेतलं'. 'आजोबांनी सांगितलं', 'अमुक पुस्तक, पान अमुक', 'गाईडमधून सुरुवात घेतली', 'मोबाइलवर एआयला विचारून शुद्धलेखन तपासलं'. गाईडचं नाव लिहिलं म्हणून गुण कापू नका, नाही तर पुढच्या वेळी कुणी लिहिणार नाही. नाव न लिहिता घेतलेलं सापडलं तर तेवढ्या भागाला शून्य. एआयवर सरसकट बंदी घालून बघू नका. मोबाइल घरी आहे, बंदी शाळेत, तिचा उपयोग फक्त मुलांना खोटं बोलायला शिकवण्यात होईल. अशुद्ध शब्द विचारायला, न कळलेलं समजून घ्यायला चालेल. परिच्छेद लिहून घ्यायला चालणार नाही. हे एकदा फळ्यावर लिहा आणि मुलांना वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्यायला सांगा. हे उतरवलेलं मात्र चालेल!

दहावीचं वर्ष आलं की मुलं उपयोजित लेखनासाठी ठोकळेबाज नमुने पाठ करणार, पालक ते मागणार, तुम्हालाही ते पूर्ण टाळता येणार नाही. नववीत जमेल तेवढं करून घ्या.

वाचनालयाच्या पत्राबद्दल. पत्र शाळेच्या लेटरहेडवर, मुख्याध्यापकांच्या सहीनं जावं. मजकूर चार ओळींचा: अमुक स्पर्धेतला आमच्या विद्यार्थिनीचा निबंध स्वतंत्र नसल्याचं शाळेच्या लक्षात आलं, पाठवण्यापूर्वी तपासणं ही शाळेची जबाबदारी होती, प्रमाणपत्र व रक्कम परत पाठवत आहोत, क्रमवारी बदलून पुढच्या स्पर्धकांना न्याय द्यावा. मुलीचं नाव घालावं लागेल, कारण नोंद तिच्या नावावर आहे. मुलीनं स्वतः दोन ओळी लिहिल्या तर त्या बंद पाकिटात सोबत द्या, आणि त्या तुम्ही वाचून दुरुस्त करू नका. हजार रुपये खर्च झाले असतील तर घरच्यांनी भरायचे, तुम्ही खिशातून घालू नका. ग्रुपवरचा फोटो ज्यानं टाकला त्यालाच काढायला सांगा. या पत्राची प्रत जावक फाइलला लागेल, तेवढीच ठेवा. मुलीच्या प्रगतिपुस्तकावर किंवा दाखल्यावर यातलं एक अक्षरही जाऊ देऊ नका.